चाकांवरच्या घरातला सौर बंब

अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्याच्या पश्चिम टोकाला, कॅलिफोर्नियाची हद्द जिथून तीसेक किलोमीटरवर आहे तिथे, क्वार्ट्झसाइट नावाचं छोटं गाव आहे. कायमची वस्ती अडीच हजारांच्या आसपास. उन्हाळ्यात इथे चिटपाखरू फिरकत नाही. जानेवारीत मात्र गावाबाहेरच्या माळावर नजर जाईल तिथवर गाड्या उभ्या असतात, आणि त्या प्रत्येक गाडीत पलंग, ओटा, संडास, न्हाणीघर असं सगळं बिऱ्हाड असतं. ही चाकांवरची घरं म्हणजे आरव्ही. कॅनडा, मिनेसोटा, डकोटा अशा बर्फाळ मुलखातली निवृत्त मंडळी ती घेऊन दरवर्षी दक्षिणेला उतरतात. माळ केंद्र सरकारच्या ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंटचा आहे. काही भागात चौदा दिवस फुकट राहता येतं. ला पोसासारख्या भागात पास काढला की 15 सप्टेंबर ते 15 एप्रिल असा सगळा मोसम काढता येतो. गाडीपाशी विजेची जोडणी नाही, नळ नाही, सांडपाण्याची मोरी नाही. पाणी टाकीत भरून आणायचं आणि वापरलेलं पाणीही दुसऱ्या टाकीत साठवून, ठरलेल्या जागी नेऊन ओतायचं.

गावात पिरॅमिडसारखी एक समाधी आहे आणि तिच्या टोकावर धातूचा उंट आहे. 1856 च्या सुमाराला अमेरिकी सैन्याने या वाळवंटात वाहतुकीसाठी परदेशातून उंट आणवले, त्यांच्याबरोबर आलेल्या हाजी अलीची ती समाधी. स्थानिकांच्या जिभेवर त्याचा ‘हाय जॉली’ झाला. पाणी बरोबर घेऊन फिरण्याची रीत या माळावर काही आरव्हीवाल्यांनी आणलेली नाही.

ऊन मात्र इथे हवं तेवढं. इथून दक्षिणेला सव्वाशे किलोमीटरवर असलेलं युमा हे जगातल्या सर्वाधिक सूर्यप्रकाशाच्या ठिकाणांपैकी एक मानलं जातं. वर्षाला चार हजार तासांच्या आसपास तिथे लख्ख ऊन असतं. तेव्हा छपरावर एवढं ऊन पडत असताना अंघोळीच्या पाण्यासाठी गॅस कशाला जाळायचा, हा प्रश्न माळावरच्या प्रत्येकाला कधी ना कधी पडतोच.

आधी हिशेब. आरव्हीतला नेहमीचा बंब सहा गॅलनचा, म्हणजे साधारण 23 लिटरचा. एक लिटर पाणी एका अंशाने तापवायला 1.16 वॅट-तास ऊर्जा लागते. जानेवारीच्या सकाळी टाकीतलं पाणी 15 अंशांवर आहे आणि ते 55 पर्यंत न्यायचं आहे असं धरलं, तर 23 लिटरांना लागतात सुमारे 1,070 वॅट-तास. आपल्या वीजबिलाच्या भाषेत एक युनिट आणि वर थोडं. त्या कढत पाण्यात विसण घालून ते 40 अंशांवर आणलं की 37 लिटरांच्या आसपास अंघोळीजोगं पाणी मिळतं. तिथली अंघोळ आटोपशीर असते: अंग भिजवायचं, नळ बंद, साबण लावायचा, मग धुवायचं. दहा-बारा लिटरांत ती उरकते. म्हणजे एका बंबात दोघांच्या अंघोळी होऊन भांड्यांनाही पाणी उरतं. तेवढ्यासाठी रोज एक युनिट हवं.

हेच एक युनिट गॅसकडून घेतलं तर काय पडतं? गॅस म्हणजे तिथे प्रोपेन. बंबाच्या ज्वाळेतली बरीचशी उष्णता धुरांड्यातून बाहेर जाते हे धरूनही एका टाकीला साधारण 120 ग्रॅम प्रोपेन पुरतो. आरव्हीच्या पुढच्या बाजूला असतो तो 20 पौंडी, म्हणजे नऊ किलोचा सिलिंडर. तो निव्वळ पाण्यासाठी वापरला तर अडीच महिने चालेल. हा आकडा ध्यानात ठेवावा. पाणी तापवण्याची सौर यंत्रणा घ्यायला निघालेल्या माणसाला दुकानात तो कोणी सांगत नाही. गॅसचा मोठा फडशा पाडते ती रात्रीची भट्टी, म्हणजे घर गरम ठेवणारी. बंब त्यामानाने अल्पाहारी आहे.

आता छपराकडे वळू. बहुतेक आरव्हींवर वीज बनवणारी पॅनलं आधीपासून असतातच. दिवे, पंखे, फ्रिज, पाण्याचा पंप त्यांवरच चालतात. तेव्हा पहिला विचार येतो तो असा की बंबात विजेची कॉइल आहे, बॅटरी आहे, बारा व्होल्टचे 120 करणारा इन्व्हर्टर आहे, मग बटण दाबलं की झालं. बटण दाबल्यावर काय होतं ते इन्व्हर्टरच्या मागे हात नेला की कळतं. बंबातली कॉइल 1,440 वॅटची असते. इन्व्हर्टरमधली गळती धरली तर बॅटरीतून सव्वाशे अँपियरांच्या वर प्रवाह खेचला जातो. तेवढ्या प्रवाहाला अंगठ्याएवढ्या जाडीची केबल लागते, आणि तिचं टोक बॅटरीच्या खुंटीवर जरा जरी सैल बसलं तर ते आधी गरम होतं, मग तिथलं आवरण करपतं. पाऊण तासात पाणी तापतं खरं, पण 100 अँपियर-तासाची लिथियम बॅटरी, म्हणजे तिच्या पोटातली सव्वा युनिट वीज, जवळजवळ सगळी गेलेली असते. रात्री दिवे लावायला उरतं ते नावापुरतं.

बरं, छपरावर 400 वॅटची पॅनलं आहेत म्हणून दिवसाला भरपूर वीज मिळेल असंही नाही. क्वार्ट्झसाइट साधारण साडेतेहतीस अंश उत्तर अक्षांशावर आहे. 21 डिसेंबरच्या दुपारी बाराला सूर्य तिथे क्षितिजापासून जेमतेम 33 अंश वर येतो. मुंबईत त्याच वेळी तो 47 च्या पुढे असतो. छपरावर आडवी निजवलेली पॅनलं त्या तिरक्या उन्हाचा जेमतेम अर्धा भाग घेतात. दिवसाकाठी एक-सव्वा युनिट मिळालं तरी पुष्कळ. म्हणून माळावर फिरताना एका बाजूने उचलून दक्षिणेकडे कलती केलेली पॅनलं दिसतात. तेवढ्या कलाने उत्पादन दीड युनिटाच्या पुढे जातं. घरखर्चाला त्यातलं एखादं युनिट जातंच. उरलेल्यात अंघोळ बसवायची म्हणजे ओढाताण.

मग दुसरी वाट दिसते: वीज बनवूच नका, उन्हाने सरळ पाणीच तापवा. पॅनल आपल्यावर पडलेल्या उन्हातला वीसेक टक्के भाग विजेत बदलतं. काळ्या पत्र्याची आणि वर काच असलेली साधी सौर पेटी त्याच उन्हातला निम्मा भाग पाण्यात उतरवते. जागा तेवढीच आणि काम अडीचपट. कागदावर हा सामना एकतर्फी आहे.

सर्वात स्वस्त रूप म्हणजे छपराच्या कडेला बांधलेला काळा प्लास्टिकचा जाड पाइप. चार इंची, अडीच मीटर लांब पाइपात वीस लिटर पाणी मावतं. एका टोकाला झाकण, दुसऱ्या टोकाला नळ, आत सायकलच्या पंपाने थोडी हवा भरली की धार जोरात येते. जूनमध्ये या पाइपातलं पाणी अंगावर घ्यायची सोय नसते, इतकं कढत. पण आपण बोलतोय जानेवारीबद्दल. उन्हासमोर त्याचं क्षेत्रफळ पाव चौरस मीटर, वर काच नाही, खाली आच्छादन नाही, आणि वारा सतत उष्णता ओढून नेणार. पाणी दिवसभरात पंधरा-सोळा अंशांनी चढलं तर नशीब. म्हणजे पंधराचं तीस. त्याला कोमट म्हणणंही जिवावर येतं. आणि सूर्य मावळला की वाळवंटाच्या निरभ्र आकाशाखाली तो पाइप तासा-दोन तासांत जिथे होता तिथे.

इथे जुना इतिहास आठवतो, कारण ही पायरी अमेरिकेने एकदा चढून झालेली आहे. 1891 मध्ये बाल्टिमोरच्या क्लॅरेन्स केम्प यांनी ‘क्लायमॅक्स’ नावाच्या सौर बंबाचं पेटंट घेतलं. काच लावलेल्या लाकडी पेटीत काळ्या रंगाच्या टाक्या, असा साधा प्रकार. कॅलिफोर्नियात तो चांगला खपला. दोष एवढाच की पाणी जिथे तापायचं तिथेच साठायचं, त्यामुळे संध्याकाळी कढत असलेलं पाणी पहाटेला गार. 1909 मध्ये लॉस एंजेलिसजवळच्या मोनरोव्हिया गावात विल्यम बेली यांनी ही दोन कामं वेगळी केली. तापवण्यासाठी काचेच्या पेटीत तांब्याच्या बारीक नळ्या, आणि साठवण्यासाठी घरात उंचावर जाड आच्छादनातली टाकी. कंपनीचं नावच त्यांनी ‘डे अँड नाइट’ ठेवलं. सकाळची अंघोळ कालच्या उन्हावर होऊ लागली.

तापवायला मुळात ऊन पुरतं का, ही शंका तर त्याआधीच फिटलेली होती, आणि तीही आपल्याकडे. 1878 मध्ये मुंबईत, कुलाब्याला, विल्यम ॲडम्स या इंग्रज अधिकाऱ्याने सपाट आरशांची अर्धवर्तुळाकार रांग मांडून बॉयलरवर ऊन एकवटलं आणि त्या वाफेवर अडीच अश्वशक्तीचा पंप चालवून दाखवला. उष्णता कधी कमी पडली नाही. कमी पडली ती ती धरून ठेवण्याची युक्ती.

बेली यांची युक्ती आज महाराष्ट्रातल्या हजारो गच्च्यांवर दिसते. दोन चौरस मीटरची पेटी, वर शंभर लिटरची टाकी, टाकीभोवती पफचं, म्हणजे फोमचं, आच्छादन. पंप नाही, वीज नाही. पेटीतलं पाणी तापलं की हलकं होऊन वर टाकीत चढतं, टाकीच्या तळाचं गार पाणी खाली उतरतं, आणि हे चक्र ऊन असेपर्यंत आपसूक फिरतं. यातलं मर्म टाकी वर असण्यात आहे.

आरव्हीत नेमकं तेच जमत नाही. छपरावर आणखी टाकी चढवली तर गाडीची उंची वाढते. तिथल्या बहुतेक राज्यांत वाहनाला सुमारे 4.1 मीटरांची मर्यादा आहे, आणि मोठ्या आरव्ही मुळातच तिच्या जवळपास पोचलेल्या असतात. वर उंचावरचं पाण्याचं वजन गाडी वळणावर झुकवतं ते वेगळंच. म्हणून बंब खाली, पलंगाखाली नाहीतर ओट्याच्या बाजूला, आणि पेटी वर छपरावर. म्हणजे घरच्या मांडणीच्या बरोबर उलट. दिवसा पाणी फिरवायला छोटा पंप लागतो. शिवाय पंप कधी चालवायचा हे ठरवायला एक नियंत्रक आणि दोन तापमापकं लागतात, एक पेटीत, एक बंबात. पेटी बंबापेक्षा आठ-दहा अंशांनी गरम झाली की पंप सुरू, फरक तीन-चारवर आला की बंद.

रात्रीची गंमत याहून पुढची. आता खाली बंबात गरम पाणी आहे आणि वर पेटी गारठलेली. गरम पाणी वर चढणार, हा निसर्गाचा नियम पंप बंद केला म्हणून बदलत नाही. ते नळीतून छपरावर जातं, आकाशाला आपली उष्णता देऊन गार होतं आणि खाली परत येतं. पहाटेपर्यंत पेटी अख्खा बंब रिकामा करते. पाणी तेवढंच असतं, ऊब गेलेली असते. दिवसभर पाणी उत्तम तापतं आणि सकाळी मात्र गार निघतं अशी तक्रार करणाऱ्याने सगळ्यात आधी नळीत एकदिशा झडप आहे का ते पाहावं. गच्चीवरच्या सोलरला तिची गरज पडत नाही, म्हणून घरचा अनुभव असलेला प्लंबरही ती विसरू शकतो.

गोठण्याचं भयही आहे. क्वार्ट्झसाइटला रात्री पारा सहसा चार-पाच अंशांवर थांबतो, पण आरव्ही म्हटली की ती डोंगरात चढणारच, आणि निरभ्र रात्री छपरावरची नळी हवेपेक्षाही गार होते. 1913 च्या जानेवारीत दक्षिण कॅलिफोर्नियात अचानक कडाका पडला तेव्हा बेली यांच्या बंबांच्या नळ्या फुटल्या होत्या. त्यांनी मग पेटीतून पाण्याऐवजी पाणी-अल्कोहोलचं मिश्रण फिरवलं आणि टाकीत वेटोळं बसवून त्याची उष्णता पाण्याला दिली. आज त्या जागी प्रॉपिलीन ग्लायकॉल वापरतात. गाडीच्या रेडिएटरमधलं एथिलीन ग्लायकॉल इथे चुकूनही चालत नाही, ते विषारी असतं.

उलट टोकही सांभाळावं लागतं. बंब तापून पंप थांबला की पेटी नुसत्या उन्हात दीडशे अंशांपर्यंत जाऊ शकते. आरव्हीतली नळजोडणी पेक्स नावाच्या प्लास्टिकची, ती नव्वदीच्या आसपासच हात टेकते. म्हणून पेटीला लागून काही अंतर तांब्याची नळी, बंबाला दाब सोडणारी झडप, आणि नळावर आपोआप विसण घालणारा मिश्रक. एवढं करून रस्त्यावर निघालं की छप्पर ताशी शंभर किलोमीटरने हलत राहतं. काचेचं म्हणाल तर पॅनललाही काच असतेच. खरं दुखणं सांध्यांचं आहे. विजेची तार हलली तरी गळत नाही.

तेव्हा पेटी कामात अडीचपट सरस असूनही आरव्हींच्या छपरांवर पॅनलंच का दिसतात, याचं उत्तर इथे आहे. बंब तापला की पेटीची दिवसभराची कमाई संपते. तिच्या उष्णतेवर फ्रिज चालत नाही. पॅनलची वीज कुठेही वळवता येते. त्यात 2008 च्या सुमाराला वॅटमागे चार डॉलरच्या घरात असलेली पॅनलं आज अर्ध्या डॉलरच्या खूप खाली आली आहेत. कमी कार्यक्षम वस्तू चारपट घेणं परवडायला लागलं. मला विचाराल तर नव्या आरव्हीवर पाण्याची पेटी बसवणं हा आता हौसेचा भाग आहे, आणि हौसेला माझी ना नाही.

शहाणी वाट या दोन्हींच्या मधून जाते. ज्यांच्या छपरावर 800-1,000 वॅट आहेत त्यांची बॅटरी चांगल्या उन्हात बारा-साडेबारापर्यंत भरते. पुढचे तीन-चार तास चार्ज कंट्रोलर पॅनलांना थोपवून धरतो, कारण वीज ठेवायला जागाच नाही. हे वाया जाणारं ऊन पाण्यात साठवायचं. बंबाच्या तळाला पाणी सोडायचा जो आट्यांचा बूच असतो, त्या जागी 200 ते 300 वॅटची बारा व्होल्टची कॉइल बसते. इन्व्हर्टर लागत नाही आणि प्रवाहही वीस-पंचवीस अँपियरांत राहतो. बॅटरीचा व्होल्टेज ठरलेल्या पातळीवर चढला की रिले, म्हणजे विजेच्या इशाऱ्यावर चालणारा खटका, कॉइल सुरू करतो, ढग आला आणि व्होल्टेज उतरला की बंद. 300 वॅट साडेतीन तास म्हणजे झालं आपलं एक युनिट. ज्या बंबात त्या बुचावरच गंज खाणारा ॲनोड दांडा असतो, तिथे ॲनोडसह येणारी कॉइल घ्यावी, नाहीतर बंबाचं पोलादच गंज खायला लागतं.

दोन गोष्टी इथे हटकून चुकतात. पहिली, बॅटरी वगळून पॅनलाची तार थेट कॉइलला जोडणं. कॉइलचा विरोध ठरलेला असतो, त्यामुळे ऊन निम्मं झालं की प्रवाह निम्मा आणि त्यासोबत व्होल्टेजही निम्मा; काम उरतं चौथा हिस्सा. दुसरी चूक जास्त धोक्याची. बंबातला जुना थर्मोस्टॅट घरगुती एसी विजेसाठी बनवलेला असतो. अमेरिकेतला एसी प्रवाह सेकंदाला 120 वेळा शून्यावर येतो, त्यामुळे खटका उघडताना पडलेली ठिणगी आपोआप विझते. पॅनलाची डीसी वीज शून्यावर येतच नाही. जास्त व्होल्टेजला ठिणगी तशीच लांबत जाते, खटक्याचे पत्रे वितळून चिकटतात, आणि मग पाणी तापतच राहतं. थर्मोस्टॅटने फक्त रिलेला इशारा द्यावा, मुख्य प्रवाह त्यातून जाऊ देऊ नये. आणि बंब भरलेला आहे याची खात्री केल्याशिवाय कॉइल लावू नये. कोरडी कॉइल काही क्षणांत जळते.

राहिला साठवणीचा प्रश्न. आरव्हीच्या बंबाभोवतीचं आच्छादन पातळ असतं. दुपारी 55 अंशांवर असलेलं पाणी सकाळपर्यंत पंधरा-वीस अंश सहज उतरतं. बंबाभोवती मोकळ्या जागेत आणखी फोम बसवता येतो, मात्र ज्वाळेच्या आणि धुरांड्याच्या बाजूला मुळीच नाही. पाणी रोज कोमट पातळीवरच पडून राहिलं तर लीजनेला नावाच्या जंतूला ते मानवतं, म्हणून अधूनमधून ते साठ अंशांवर न्यावं. पण सगळ्यात स्वस्त उपाय घड्याळाचा आहे. ज्यांना कचेरीत जायचं नाही त्यांना सकाळी सातलाच अंघोळ कशाला हवी? माळावरचे जुने जाणते दुपारी तीन-साडेतीनला न्हातात. पाणी तेव्हा सर्वात गरम असतं, गाडीही उन्हाने उबदार असते, आणि अंग पुसताना भट्टी लावावी लागत नाही. सकाळची पूजा अंघोळीशिवाय न करणाऱ्या आपल्या मंडळींना हे जड जाईल. त्यांनी पहाटे गॅसचा खटका दाबावा. कोमट पाण्याला वर न्यायला पन्नास-साठ ग्रॅम प्रोपेनमध्ये भागतं.